गोणपाट काढा, मग थंडीचं बोलू

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की खान्देशातल्या गावांत एक काम कुणी न सांगता होतं. परसातल्या खुराड्यावर गोणपाट चढतं. त्यावर खताच्या रिकाम्या गोण्या, त्यावर शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा, फटींत चिंध्या आणि दाराला जुनी गोधडी. दिवेलागणीला कोंबड्या आत शिरल्या की सगळं गच्च बंद. यात माया आहे, शंकाच नाही. पण हिवाळ्यात परसातल्या कोंबड्यांना जी दुखणी लागतात, त्यांतल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ त्या गोधडीतच असतं.

कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम. 41 अंश सेल्सिअसच्या पुढेच. वरून पिसांची रजई, आणि ती फुगवून आत हवा धरायची सोय. जळगाव-धुळ्याकडे पारा 8-9 अंशांवर उतरला, किंवा वर सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे गवतावरचं दव गोठलं, तरी पूर्ण वाढीची, कोरडी, पोट भरलेली गावरान कोंबडी ती रात्र काढते. तिला झेपत नाही ते वेगळंच. दुपारी 30 अंश आणि पहाटे 9, हा रोजचा झोका एक. दुसरी ओल. आणि तिसरी कोंडलेली हवा. झोका आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र आपणच तयार करतो.

हिशेब करून बघा. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. 12 कोंबड्यांचं झालं तीन लिटर. त्यातलं अंड्यात जातं ते थोडं; बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडतं. विष्ठा शे-सव्वाशे ग्रॅम, तिचा तीन चतुर्थांश भाग पाणीच. हिवाळ्याची रात्र तेरा तासांची, म्हणजे यातला मोठा वाटा रात्री खुराड्यातच पडतो. प्लास्टिक लावलेलं असलं की ती वाफ वर जाऊन थंड कागदाला लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे कोंबड्यांच्याच पाठीवर गळतात. ओल्या पिसांत हवा राहत नाही, म्हणजे रजई गेली. खाली विष्ठा ओली राहिली की तिच्यातून अमोनिया सुटतो. तो डोळ्यांना झोंबतो हे खरं, पण खरं नुकसान श्वासनळीत होतं. तिथे बारीक केसांसारखा जो थर धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतो, तो अमोनियानं लुळा पडतो. मग एरवी अंगात मुकाट बसून असलेला जंतू छातीत उतरतो, आणि आपण म्हणतो, थंडी बाधली.

याची परीक्षा फुकटात होते. पहाटे दार उघडल्याबरोबर कोंबडीच्या उंचीला खाली बसून नाक आत घाला. उभ्यानं वास घेऊन उपयोग नाही; गोधडी उचलली की वरची हवा लगेच बदलते. डोळे चुरचुरले तर समजावं की रात्रभर कोंबड्या त्यातच होत्या. दुसरी परीक्षा खालच्या तुसाची. मूठभर तूस घट्ट दाबून हात उघडायचा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. हलकेच विसकटला तर ठीक.

मग उघडं ठेवायचं काय आणि झाकायचं काय? वारा अंगावर यायला नको, पण डोक्यावरून जायला हवा. खान्देशात हिवाळी वारं बहुतेक उत्तर-ईशान्येकडून येतं. म्हणून खुराड्याची उत्तरेची आणि पूर्वेची बाजू खालपासून कोंबड्या बसतात त्या उंचीच्या वीतभर वरपर्यंत बंद करा. तिथे गोणपाट चालेल, कुडाची भिंत तर उत्तमच. छपराच्या खाली मात्र दोन समोरासमोरच्या बाजूंना चार ते सहा इंचांची पट्टी कायम उघडी ठेवा आणि तिला अर्ध्या इंचाची जाळी मारा. जाळी त्याहून मोठ्या घराची नको. मुंगूस आणि उंदीर दोघेही आपल्याला वाटतं त्यापेक्षा बारीक जागेतून जातात. दक्षिणेची बाजू मोकळी असू द्या, सकाळचं ऊन आत येतं. 12 कोंबड्यांना रात्रीपुरतं चार बाय चार फुटांचं खुराडं पुरतं. बसायला आडवी काठी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर हवी, दोनेक इंच रुंद, कडा घासून गोल केलेली, आणि प्रत्येकीला आठ-नऊ इंच जागा. बांबू बारीक असला तर बोटं काठीभोवती वळतात आणि उघडी राहतात. काठी रुंद असली की कोंबडी पिसं पसरून पायांवर बसते आणि बोटं झाकली जातात.

खाली तूस दोन-तीन इंच. नवापूरकडे भाताचं तूस मुबलक मिळतं, बाकी खान्देशात शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, गव्हाचा भुसा, जे कोरडं मिळेल ते. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं खालीवर करा. काठीच्या खालचा थर सर्वांत लवकर ओला होतो, तेवढाच काढून उकिरड्यावर टाकला तरी भागतं. पाण्याचं भांडं रात्री आत ठेवायचं नाही. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, ते फक्त सांडतं.

एवढं केलं की ऐकायचं. कोंबडीचा आजार दिवसा कळायला अवघड, कारण दिवसा ती आजार लपवते. कळपात मागे पडलेली कोंबडी आधी टोचली जाते, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं सोंग करते. रात्री नऊनंतर, सगळं शांत झाल्यावर, बॅटरी न लावता खुराड्याजवळ दोन मिनिटं उभं राहावं. निरोगी कोंबड्यांचं खुराडं जवळपास गप्प असतं. शिंक, घरघर, पाण्यातून बुडबुडे यावेत तसा आवाज यातलं काही आलं तर सकाळी एकेकीला हातात घ्यायची वेळ झाली.

हातात घेतल्यावर काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकपुडीत चिकट पाणी, छातीत घरघर, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे चाललेलं असेल, तर तो बहुधा मायकोप्लाझ्माचा जुनाट श्वासरोग. हाच तो अमोनियाची वाट बघत बसलेला जंतू. याउलट दोन-तीन दिवसांत एकीमागून एक अशा चार कोंबड्यांचं तोंड सुजलं, डोळा मिटला आणि नाकातल्या घाणीला कुजकट वास आला, तर तो कोरायझा. कोरायझानं कोंबड्या फारशा मरत नाहीत, पण अंडी एकदम गळतात. बरी झालेली कोंबडीसुद्धा जंतू बाळगून राहते आणि पुढच्या हिवाळ्यात नव्यांना देते. दोन्हींवर प्रतिजैविकं चालतात, पण कोणतं, किती आणि किती दिवस, हे पशुवैद्यकानंच सांगायचं. माणसांच्या गोळीचा चौथा तुकडा पाण्यात टाकून दोन दिवस द्यायचा आणि आवाज थांबला की बंद करायचं, ही पद्धत सर्वांत वाईट. रोग आत राहतो आणि पुढच्या खेपेला औषध लागू पडत नाही. औषध चालू असताना आणि नंतर पाकिटावर लिहिलेल्या दिवसांपर्यंत अंडी खायचीही नाहीत, विकायचीही नाहीत. हळद, लसूण, आलं द्यायला हरकत नाही, त्यानं बिघडत काही नाही. फक्त त्या भरवशावर चार दिवस घालवू नयेत.

हे झाले रेंगाळणारे आजार. गाव रिकामं करणारा आजार एकच, राणीखेत. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे. 'कोंबड्या मरी ग्यात' असं एखादी बाई सांगते तेव्हा बहुतेक वेळा याचीच गोष्ट चाललेली असते. कोंबडी पिसं फुगवून बसते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरी पातळ हगवण लागते. त्यातून जगली तर मान पिळवटते, पाय किंवा पंख लुळा पडतो. लस न दिलेल्या कळपात दहातल्या आठ-नऊ जातात, कधी दहाच्या दहा. औषध नाही. कुणी देत असेल तर तो आपली समजूत काढतोय.

लस आहे, स्वस्त आहे, वर्षानुवर्षं चालत आलेली आहे, आणि तरी गावात मर येते. म्हणून इथे जरा थांबावं लागेल, कारण बिघाड लसीत नसतो, तिच्या प्रवासात असतो.

वेळापत्रक साधं. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा किंवा एफ जातीची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. साधारण चार आठवड्यांनी लासोटाचा दुसरा डोस. आठ आठवड्यांच्या सुमाराला आर-टू-बी, म्हणजे मुक्तेश्वर जातीची लस, पंखाखाली कातडीत अर्धा मिली. पुढे दर सहा महिन्यांनी. आर-टू-बी ही जोरकस लस आहे. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला किंवा आधीच मरगळलेल्या कोंबडीला दिली तर तिच्यानंच पाय जाऊ शकतात. मग दोष लसीला, आणि पुढच्या वर्षी ती बाई कोंबड्या लपवून ठेवते.

आता अडचण. लस येते 100 डोसांच्या कुपीत, आणि परसात कोंबड्या असतात 12. कुपी एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी देणं म्हणजे पाणी टोचणं. म्हणून हे काम एका घराचं नव्हेच, गल्लीचं आहे. आठ-दहा घरांनी मिळून एक संध्याकाळ ठरवायची, कोंबड्या खुराड्यात शिरल्या की. दिवसा गावरान कोंबडीमागे धावून लस देणारा माणूस पाचव्या कोंबडीनंतर लस देत नाही, फक्त धावतो. कुपी दुकानातून घरी येईपर्यंत 2 ते 8 अंशांत हवी: थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर प्लास्टिकच्या पिशवीत कुपी. शर्टाच्या खिशात आलेली लस मेलेली असते. ऑक्टोबरात शहाद्याहून धडगावपर्यंत एसटीत बसून घाट चढलेली तर नक्कीच. आर-टू-बीच्या 100 डोसांना 50 मिली थंड केलेलं सलाइन, म्हणजे प्रत्येकीला अर्धा मिली बरोबर येतं. टोचायच्या जागी स्पिरिट चोळायचं नाही. ही जिवंत विषाणूची लस आहे. स्पिरिटनं तीच मरते. सुई उकळून गार केलेली वापरावी.

पाण्यातून लासोटा द्यायची असेल तर ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरू नका. त्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर असते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, त्यात लिटरमागे पाच ग्रॅम बिनसायीच्या दुधाची पावडर, आणि भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. आधी तास-दोन तास कोंबड्यांना तहानलेलं ठेवा. पाणी एवढंच द्या की ते तासा-दीड तासात संपेल, आणि भांडी एवढी ठेवा की कोपऱ्यातल्या दबकट कोंबडीलाही चोच बुडवता येईल.

आणि लसीच्या आठवडाभर आधी जंत काढा. पावसाळाभर ओल्या मातीत टिपलेल्या कोंबडीच्या आतड्यात गोलकृमी असणार हे धरूनच चाला. जंतानं पोखरलेल्या कोंबडीच्या अंगात लस नीट रुजत नाही. पिपराझिन फक्त गोल जंतांवर चालतं, पट्टकृमींवर नाही. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पशुवैद्यकाला ते आवर्जून सांगा, औषध बदलतं. लस दिल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे शेजारच्या गावात मर सुरू झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. हे सगळं दसरा-दिवाळीच्या मध्ये उरकायचं.

रोग गावात येतो कसा? बहुतेक वेळा पिशवीत बसून. थंडीत पाहुणे, यात्रा, नवस. बाजारात गावरान कोंबड्याला भाव, आणि ज्याच्या घरात एक-दोन कोंबड्या मरगळल्या तो उरलेल्या आधी बाजारात नेतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. दोनशे-चारशे रुपये डोळ्यांसमोर मरताना कोण बघत बसेल? पण घेणाऱ्यानं तरी सावध राहावं. आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, निराळ्या भांड्यात आणि आपल्या कोंबड्यांपासून जितकी दूर ठेवता येईल तितकी. दाणापाणी आधी घरच्यांना, मग नवीला, उलट नको. चिकनच्या दुकानातली पिसं-आतडी उकिरड्यावर टाकायची आणि तोच उकिरडा कोंबड्यांनी उकरायचा, हा रोग घरी बोलावण्याचा आणखी एक राजमार्ग.

दाण्यांकडे वळू. इथे खान्देशाची म्हणून एक वेगळीच कटकट आहे. मका निघतो ऑक्टोबरात, आणि परतीचा पाऊस नेमका खळ्यावर गाठतो. चांगला मका व्यापाऱ्याकडे जातो. काळपट, हिरवट बुरशी चढलेली कणसं उरतात, आणि घरात सहज म्हटलं जातं, टाका कोंबड्यांना. ती बुरशी अॅस्परजिलस जातीची असली तर दाण्यात अफ्लाटॉक्सिन धरतं. ते भाजून जात नाही, शिजवून जात नाही, उन्हात घालूनही जात नाही. ऊन बुरशी वाळवतं, विष तसंच राहतं. कोंबडी लगेच मरत नाही. तिचं यकृत पिवळट, चरबट होतं, वाढ खुंटते, अंडी कमी होतात, आणि रोगाशी लढायची ताकद आतून खचते. अशा कोंबडीला दिलेली लस कागदावर असते, अंगात नसते. लस देऊनही मर आली, असं ऐकलं की थर्मासबरोबर मक्याच्या कणगीतही डोकावून बघावं. दाणा दातानं कडकन फुटला पाहिजे. दबला तर अजून ओला आहे. खवट वास येणाऱ्या शेंगदाणा पेंडीलाही हेच लागू.

सरकीच्या पेंडीची गंमत निराळी. घरात म्हशीसाठी ढीग पडलेला, कोंबड्या येता-जाता टिपतात. सरकीत गॉसिपॉल असतं. त्यानं अंड्यातला बलक, विशेषतः अंडं काही दिवस ठेवल्यावर, शेवाळी-हिरवट होतो. सरकीतल्या तेलामुळे पांढऱ्यावर गुलाबी छटा येते. अंडं फोडल्यावर घरात बोभाटा होतो, कुणी नजर लागली म्हणतं. नजर नाही, पेंड लागली. ढीग झाका.

रब्बीच्या पेरणीत आणखी एक सापळा. गहू-हरभऱ्याच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंगाचं. पेरणीयंत्र धुतलं, पिशवी झटकली, ते दाणे अंगणात पडले. थायरमसारख्या बुरशीनाशकानं अंडी बिनकवचीची पडायला लागतात, वाढत्या पिल्लांचे पाय वाकडे होतात. कीटकनाशक असेल तर त्याच दिवशी कोंबड्या लोळतात. कपाशीच्या फवारणीनंतर बांधावर मेलेल्या अळ्या टिपूनही असं होतं. एकाच सकाळी, धडधाकट कोंबड्या, तोंडातून लाळ, पायांत थरथर, आणि गळ्याखालची पिशवी दाण्यांनी भरलेली, असं दिसलं तर आधी विषाचा विचार करावा. मानमोडीतली कोंबडी बहुधा एक-दोन दिवस आधीपासून खाणं सोडते.

रोज संध्याकाळी खुराड्यात जायच्या आधी प्रत्येकीला 40-50 ग्रॅम अखंड दाणा द्यावा: बाजरी, मका, दादर ज्वारी, काहीही. रात्रभर तो पचत राहतो आणि त्याचीच ऊब अंगाला मिळते. सकाळी पाणी माठातलं शिळं नको. ते गार असतं, गार पाण्याला कोंबडी कमी तोंड लावते, आणि पाणी कमी झालं की खाणंही कमी होतं. बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमटच येतं. तेच भरा.

अंगावरच्या किड्यांचं थोडक्यात. पिसांच्या मुळाशी उवा दिवसाही दिसतात. गोचीड मात्र दिवसा खुराड्याच्या फटीत असते आणि रात्री येऊन रक्त पिते, म्हणून कोंबडी तपासून काही सापडत नाही. पांढुरका तुरा, हलकं वजन, आणि संध्याकाळी खुराड्यात जायला नकार ही तिची खूण. रात्री बॅटरी घेऊन काठीची टोकं आणि लाकडाच्या खाचा बघा. उपाय कोंबडीवर कमी आणि लाकडावर जास्त: खाचा खरवडून उकळतं पाणी, मग चुन्याचा दाट हात, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा. अंगासाठी धूळस्नानाचा खड्डा, दोन फूट रुंद, वीतभर खोल, अर्धी कोरडी माती आणि अर्धी चाळलेली राख. राखेची खान्देशाला हिवाळ्यात काय कमी? कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत झालं की मागे राखच राखच उरते. फक्त त्या आगीत कुणी प्लास्टिकच्या ताटल्या टाकलेल्या नसाव्यात. पायांवरचे खवले उचलून खडबडीत झाले असतील तर तीही एक बारीक किडीचीच करामत आहे. साबणाच्या कोमट पाण्यात पाय भिजवून, मऊ ब्रशनं घासून खोबरेल किंवा व्हॅसलीन चोपडायचं, दर तीन-चार दिवसांनी, महिनाभर. रॉकेल नको, कातडी जळते.

तुऱ्यावर, डोळ्याच्या कडेला मसुराएवढ्या खपल्या आल्या तर ती देवी. पावसाळ्यानंतर डासांबरोबर येते. खपल्या उपटू नका. त्यातच विषाणू असतो, आणि जखमही होते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यानं पुसावं, डोळा चिकटला असेल तर सोडवून द्यावा, म्हणजे तिला दाणा दिसेल. देवीतल्या पुष्कळ कोंबड्या रोगानं मरत नाहीत, न दिसल्यामुळे उपाशी मरतात. तोंडात-घशात पिवळट पापुद्रे धरले तर मात्र अवघड.

पिल्लांचं गणित वेगळं. भाद्रपद-अश्विनात फुटलेली पिल्लं हिवाळ्याच्या तोंडाशी चार-सहा आठवड्यांची असतात, आणि नेमकं हेच रक्ती हगवणीचं वय. पिल्लू पंख पाडून घुमत बसतं, विष्ठेत रक्त. हा कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या सूक्ष्म जिवाचा उपद्रव, ओल्या जागेत वाढणारा. अॅम्प्रोलियमची 20 टक्क्यांची पावडर लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास, पाच दिवस, दुसरं पाणी न ठेवता. या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. अॅम्प्रोलियम हे थायमिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची, नक्कल करून त्या जिवाला उपाशी मारतं. आपण वरून थायमिन ओतलं की औषधाचा जोर जातो. दुकानदार पुष्कळदा दोन्ही एकाच पिशवीत बांधून देतो.

पिल्लांना ऊब हवी, मोठ्यांना नको, हा फरक लक्षात ठेवला तर बरंच निभावतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला 35 अंश, पुढे आठवड्याला तीन-तीन अंश कमी. 25-30 पिल्लांना 60 वॅटचा जुना तारेचा दिवा चालायचा. आता दुकानात एलईडी मिळतो, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. पिल्लं दिव्याखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर उकाडा. विखरून झोपली असतील तर हात लावू नका. रात्री वीज जाणारच, हे धरून दोन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून ठेवायची तयारी हवी. निखाऱ्यांची शेगडी बंद जागेत ठेवू नये. तिच्या न दिसणाऱ्या विषारी वायूनं पिल्लं सकाळी ओळीत झोपल्यासारखी मेलेली सापडतात, आणि कुठे काय चुकलं ते कळतही नाही. खरं तर 10-12 पिल्लांसाठी खुडूक गावरान कोंबडीइतकं चोख यंत्र अजून निघालेलं नाही. ती वीज जाऊ देत नाही.

बर्ड फ्लूचं नाव न घेता हा लेख खान्देशात संपू शकत नाही. भारतात कोंबड्यांमधला पहिला एच-फाइव्ह-एन-वन 2006च्या फेब्रुवारीत नवापुरात सापडला. महिन्याभरात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत, परसातल्या कोंबड्यांतही निघाला. 2021च्या फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. नुसत्या डोळ्यांनी मानमोडी आणि बर्ड फ्लू यांत फरक करता येत नाही, पशुवैद्यकालाही नाही. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात तेव्हाच कळतं. म्हणून एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या दगावल्या, तुरे निळे-काळे पडले, पायांवर लाल डाग आले, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. मेलेली कोंबडी उघड्या हातानं सोलू नये, नाल्यात टाकू नये, कुत्र्याला घालू नये. खोल खड्डा, चुना, वर माती. कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील, ही भीती खोटी नाही. रोग सिद्ध झाला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारल्या जातात. पण न कळवता उरलेल्या विकल्या तर तो किलोमीटर पुढच्या बाजारात जाऊन पुन्हा मोजावा लागतो.

आणि एक आजार, जो आजार नाहीच. कार्तिक-मार्गशीर्षात कोंबडी एकदम बोडकी दिसायला लागते, मान उघडी, शेपटी गळालेली, खुराड्यात पिसांचा सडा, अंडी बंद. घाबरून औषधं सुरू होतात. ती पिसं टाकतेय, एवढंच. डिसेंबरात आपल्याकडे दिवस पावणेअकरा तासांपर्यंत आखडतो, आणि अंडी घालायला तिला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. जुनं पीस टाकून नवं घालायला निसर्गानं तिला दिलेली ही सुट्टी. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, म्हणून या दिवसांत नुसत्या बाजरीवर ठेवू नका. थोडी सोयाबीन पेंड, वाळवी लागलेलं लाकूड असेल तर ते फोडून पुढे टाका, सुकट परवडत असेल तर मूठभर. नवी पिसं निळसर काड्यांसारखी फुटतात, आत रक्त असतं, दाबली की दुखतात. तोवर तिला उचलू नये, मुलांनाही उचलू देऊ नये. एखादी मात्र पिसं न टाकता नुसतीच पातळ होत चालली, छातीचं हाड हाताला लागायला लागलं, तर ती सुट्टी नव्हे. तिला वेगळी करून विष्ठा बघा.